पाठीचे दुखणे आणि गाडीचे पुढचे शॉकअप

रविवारी सकाळी विहारासमोर गाड्यांची रांग लागते. त्यांत नव्या गाड्या थोड्याच. बहुतेक शंभर सीसीच्या, दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या. काहींच्या टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ हे नाव दिसते. त्या कंपनीचे नाव 2011 साली बदलले, म्हणजे गाडीचे वय तिथेच कळते. याच गाड्यांवर आपली घरे चालतात. कुणी पार्सल पोचवतो, कुणी पहाटे भाजी आणतो, कुणी सफाईच्या पाळीला जातो. जुनी गाडी वापरण्यात कमीपणा काही नाही. पण जुन्या गाडीचे काही दोष आपल्या अंगावर निघतात आणि आपण ते वयाच्या, कामाच्या नाहीतर नशिबाच्या नावावर टाकतो. त्यांतला एक दोष आज समजून घेऊ.

वस्तीतला एक तरुण पार्सलचे काम करतो. दिवसाचे आठ-दहा तास गाडीवर. कंबर दुखते, मनगटे भरून येतात, रात्री करंगळीला मुंग्या येतात, अशी त्याची तक्रार. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी घ्यायची आणि कामाला निघायचे, असे कित्येक महिने चालले होते. एकदा आम्हीच त्याची गाडी घेऊन नाक्यापर्यंत गेलो. पहिल्याच खड्ड्याला पुढून ‘टक्’ असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि धक्का थेट कोपरापर्यंत पोचला. पाच मिनिटांत जे आम्हाला नको झाले, ते तो रोज दहा तास सोसत होता. गाडीचे पुढचे शॉकअप बसले होते.

धक्का अंगात कसा जातो

पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. चालताना, उडी मारताना ती दबते आणि पुन्हा फुगते. पाय जमिनीवर असले की गुडघे आणि घोटेही धक्का खातात. गाडीवर बसल्यावर मात्र गुडघ्यांचा उपयोग फारसा होत नाही. सीटचा धक्का सरळ कंबरेत जातो आणि हँडलचा मनगटात.

बसलेल्या माणसाचा कणा एका ठरावीक वेगाच्या हादऱ्यांना फार लवकर साथ देतो. सेकंदाला साधारण चार ते आठ हादरे आले की सीट जेवढी हलते त्याहून जास्त वरचे अंग हलते. झोका योग्य वेळी ढकलला की तो उंच जातो, तसेच हे. अशा वेळी पाठीचे स्नायू सतत आखडून राहतात आणि थकतात. ट्रक, ट्रॅक्टर आणि मोठी यंत्रे चालवणाऱ्यांत कंबरदुखी जास्त दिसते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. युरोपीय संघाने 2002 साली कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांना कायद्याने मर्यादा घातली. हादरे किती आहेत ते मोजणे आणि कमी करणे ही तिथे मालकाची जबाबदारी आहे. स्वतःच्या जुन्या गाडीवर पोट भरणाऱ्याला असा मालकच नसतो. त्यामुळे मोजायचेही आपणच आणि कमीही आपणच करायचे.

शॉकअपच्या आत काय असते

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे दोन नळे दिसतात, ते पुढचे शॉकअप. वरचा चकचकीत पाईप खालच्या जाड नळ्यात आत-बाहेर सरकतो. प्रत्येकात एक लांब स्प्रिंग आणि थोडे ऑईल असते. स्प्रिंगचे काम वजन उचलून धरणे आणि खड्ड्यात दबणे. ऑईलचे काम दबलेल्या स्प्रिंगला सावकाश परत आणणे. ऑईल नसेल तर गाडी होडीसारखी डुलत राहते. स्प्रिंग कमी पडली तर शॉकअप पूर्ण दबून आतल्या आत आपटते आणि मग शॉकअप असून नसल्यासारखे होते.

हिशेब सोपा आहे. समजा, शॉकअप एकूण 12 सेंटिमीटर दबू शकते आणि दोन्ही स्प्रिंगा मिळून एक सेंटिमीटर दबायला 10 किलो भार लागतो. तुम्ही बसलात आणि पुढच्या बाजूला 40 किलो भार आला, की गाडी चार सेंटिमीटर खाली बसली. स्प्रिंग जुनी होऊन एक सेंटिमीटरने आखूड झाली असेल तर पाच. टाकीवर 20 लिटरचा पाण्याचा जार ठेवला, त्याचा निम्मा भार पुढे आला, की सहा. आता समोर कुणी आडवे आले आणि ब्रेक दाबला. ब्रेक दाबताच भार पुढे येतो. तो आणखी 40 किलो धरला तर झाले दहा. खड्ड्यासाठी उरले फक्त दोन सेंटिमीटर. आपल्या रस्त्यावर दोन सेंटिमीटरचा खड्डा म्हणजे खड्डाच नव्हे!

धोका नुसत्या पाठीला नाही. शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर वर-खाली होऊ शकत नाही. ते उडते. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि नेमका त्याच क्षणी आपल्याला ब्रेक हवा असतो.

बसलेली स्प्रिंग आणि कमी पडणारी स्प्रिंग

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पैसे वाचवायचे तर हा फरक कळला पाहिजे.

वर्षानुवर्षे दबून स्प्रिंगची लांबी कमी होते. तिचा कडकपणा मात्र फारसा जात नाही. अशी स्प्रिंग ‘बसली’ असे आपण म्हणतो. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात नव्या स्प्रिंगची लांबी आणि किती आखूड झाल्यावर ती बदलायची, हे दिलेले असते. तिथे त्याच मॉडेलची नवी जोडी टाकली की गाडी पूर्वीच्या उंचीवर येते. बहुतेकांना एवढेच पुरते.

दुसरी गोष्ट अशी की गाडी बनवताना कंपनीने जो भार धरला, त्याहून तुमचा रोजचा भार जास्त असतो. तुमचे वजन जास्त आहे, पाठीवर मोठी बॅग असते, टाकीवर पोते असते. अशा वेळी नवी स्प्रिंगही कमी पडते. इथे थोडी कडक स्प्रिंग घालण्यात अर्थ आहे. ‘थोडी’ हा शब्द लक्षात ठेवा. बाकी सगळे सारखे असताना स्प्रिंगची तार 4 मिलिमीटरऐवजी 4.2 मिलिमीटर असली, तर स्प्रिंग सुमारे 20 टक्के कडक होते. वरच्या हिशेबात 10 किलोच्या जागी 12 किलो घाला. नव्या, पुऱ्या लांबीच्या अशा स्प्रिंगवर तोच माणूस, तोच जार आणि तोच ब्रेक असताना खड्ड्यासाठी साडेचार सेंटिमीटर उरतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकाने एवढे होते. म्हणून ‘जाड तारेची टाका, कायमचे काम होईल’ या सल्ल्यावर जाऊ नका. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग लहान खड्ड्यात दबतच नाही. धक्का पुन्हा मनगटातच येतो, आणि त्यासाठी आपण पैसे मोजलेले असतात.

आधी घरी तपासा

गॅरेजला जाण्याआधी ही तपासणी करा. बरोबर दोघे जण हवेत, एक मोजपट्टी हवी आणि अर्धा तास पुरेल.

1. चाकातली हवा. ती गाडीच्या पुस्तकात किंवा चिकटवलेल्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी भरा. हवा जास्त असेल तर चांगले शॉकअपही कडक वाटते.

2. चकचकीत पाईपवर बोट फिरवा. तेलकट लागले तर ऑईल सील गेले आहे. हे तेल ओघळून पुढच्या ब्रेकवर गेले तर ब्रेक लागणार नाही. असे असेल तर पुढचे सगळे राहू द्या, आधी सील बदला. पाईपला गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही लवकर फाटेल.

3. गाडी मेन स्टँडवर घ्या. एकाने मागून दाबून पुढचे चाक उचलून धरावे. दुसऱ्याने शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे हलवावीत. खडखड लागली तर बहुधा कोनसेट सैल आहे. ते दुखणे स्प्रिंगचे नव्हे.

4. गाडी स्टँडवरून काढा, पुढचा ब्रेक धरा आणि हँडल जोराने खाली दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर ऑईल कमी झाले आहे किंवा खराब झाले आहे. दाबताना तळाशी ‘टक्’ वाजले तर स्प्रिंगचा संशय घ्या.

5. आता मोजमाप. पुढचे चाक उचललेले असताना वरच्या पाईपचा उघडा भाग किती आहे ते मोजा. समजा, 14 सेंटिमीटर भरला. मग गाडी स्टँडवरून काढा, रोजचे सामान लादा आणि तुम्ही पाय वर घेऊन नेहमीसारखे बसा. एकाने गाडी नुसती तोलून धरावी, उचलू नये. दुसऱ्याने पुन्हा मोजावे. आता 9 भरला तर गाडी 5 सेंटिमीटर बसली. शॉकअप एकूण जेवढे दबू शकते त्याच्या पाव ते एक तृतीयांश एवढेच तुमच्या भाराने बसले पाहिजे. बारा सेंटिमीटरच्या शॉकअपला तीन ते चार. पाच म्हणजे जास्त.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. मेकॅनिकशी बोलताना ‘गाडी पुढून बसते’ यापेक्षा ‘चार हवे तिथे पाच सेंटिमीटर बसते’ हे सांगणे वेगळे. मग तुमच्याकडून नको ते काम कुणी करून घेत नाही.

काम करून घेताना

हे काम घरी करू नका. शॉकअपच्या वरच्या झाकणाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. झाकण सुटताच ते उसळून डोळ्याला लागू शकते. ज्याने हे काम पूर्वी केले आहे त्याच्याकडेच गाडी द्या आणि जवळ उभे राहून पाहा.

दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीनेच बदला. एक नवी आणि एक जुनी घातली तर दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत. जुनी स्प्रिंग बाहेर आली की तिची लांबी मोजायला सांगा आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. स्प्रिंगच्या एका टोकाची वेटोळी दाट आणि दुसऱ्या टोकाची विरळ असतील तर कोणते टोक वर होते ते आधी बघून ठेवा. नवी स्प्रिंग त्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी. दुसऱ्या गाडीची ‘बसते’ म्हणून बसवू नये.

ऑईल त्याच वेळी बदला. ते शॉकअपचेच असावे आणि दोन्हीकडे सारखे, मापाच्या ग्लासाने मोजून भरलेले असावे. ऑईलच्या वर थोडी हवा राहावी लागते, कारण ती हवाही दबून स्प्रिंगला मदत करते. ‘थोडे जास्त टाकतो’ म्हणून ऑईल वाढवले तर हवेला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि सील फुटते.

आता नेहमीच्या तीन चुका. पहिली, इंजिनचे किंवा फार जाड ऑईल घालणे. जाड ऑईलने शॉकअप हळू हलते, पण वजन उचलत नाही. वजन स्प्रिंगच उचलते. दुसरी, स्प्रिंगवर वॉशरवर वॉशर घालणे. त्याने गाडीचे नाक वर येते, स्प्रिंग मात्र होती तेवढीच कडक राहते. वॉशर फार झाले तर वेटोळी एकमेकींना टेकतात आणि झाकणाचे आटे खराब होतात. तिसरी, वाकलेला पाईप ठोकून सरळ करणे. अपघातात वाकलेला पाईप बदलायचाच असतो. तिथे काटकसर करू नये.

गाडी हातात आल्यावर पुढच्या चाकाचा नट घट्ट आहे ना, ब्रेक लागतो ना, हे तिथेच पाहा. पुढची बाजू वर आल्यामुळे हेडलाइटही वर गेलेली असते. ती खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतील. मग घरी पुन्हा मोजा. पहिले दोन दिवस हळू चालवा. जुने ऑईल गटारात ओतू देऊ नका आणि मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नका.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: आधी टायर आणि ब्रेक, मग सील आणि ऑईल, मग कोनसेट, मग स्प्रिंगा. मात्र शॉकअप एकदा उघडलेच आहे आणि स्प्रिंग आखूड भरली आहे, तर तेव्हाच बदलून घ्या. पुन्हा उघडण्याची मजुरी वाचते.

मागे बसणाऱ्या ताईंसाठी

पुढच्या स्प्रिंगचा फायदा मुख्यतः चालवणाऱ्याला होतो. मागे बसणारीचे वजन बहुतेक मागच्या शॉकअपवर जाते. म्हणून घरातली ताई ‘मला पाठीत बसते’ म्हणत असेल तर पुढचे काम करून ती तक्रार मिटणार नाही. मागचे शॉकअप पाहावे लागेल. शिवाय मागची बाजू फार बसली की पुढचे चाक हलके पडते आणि हँडल तरंगल्यासारखे वाटते. एका बाजूला दोन्ही पाय टाकून, मांडीवर मूल घेऊन बसल्याने कंबर पिळते आणि धक्क्याच्या वेळी धरायला हातही मोकळा राहत नाही. जमेल तिथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. चौघांनी एका गाडीवर बसायचे असेल तर कोणतीही स्प्रिंग पुरी पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कायद्यानेही चालवणाऱ्याच्या मागे एकच जण बसू शकतो.

गरोदर ताईंनी खराब रस्त्यावर दुचाकी टाळावी, शेवटच्या महिन्यांत तर विशेष. जोराचा धक्का बसल्यावर किंवा पडल्यावर पोटात दुखले, रक्त किंवा पाणी गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट न पाहता दवाखान्यात जावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवता येते.

गाडी नीट झाली, तरी दुखते

स्प्रिंग हे औषध नव्हे. ती नवा धक्का थांबवते, आधी झालेली इजा भरून काढत नाही. कंबरदुखीची कारणे पुष्कळ असतात. वाकून ओझे उचलणे हे एक, तासन्‌तास एकाच जागी बसणे हे दुसरे. गाडी चालवताना तासाभराने खाली उतरून दोन मिनिटे चाला. हँडल घट्ट आवळू नका, कोपर किंचित वाकलेले ठेवा. जड बॅग पाठीवर न घेता कॅरिअरवर घट्ट बांधा.

दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेत राहिल्याने पोटात जखम होऊ शकते आणि मूत्रपिंडांना इजा होते. काही आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही तर सरकारी दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांना सांगताना दिवसाचे किती तास गाडीवर असता, हेही सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.

पाठदुखीबरोबर एका किंवा दोन्ही पायांतला जोर गेला, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर पाय आणि लघवीचे दुखणे जन्मभराचे होऊ शकते.

त्या तरुणाच्या गाडीचे काय झाले? मोजले तेव्हा ती पाच सेंटिमीटर बसत होती. ऑईल जवळजवळ नव्हतेच आणि दोन्ही स्प्रिंगा आखूड भरल्या. कडक स्प्रिंग घ्यावी असा त्याचा आग्रह होता. आम्ही म्हटले, आधी मूळची जोडी टाकून मोजू. ती टाकल्यावर गाडी चार सेंटिमीटर बसली आणि कडक स्प्रिंगचा विषय संपला. हाताच्या मुंग्या काही आठवड्यांत कमी झाल्या. कंबर अजून अधूनमधून दुखते, त्यासाठी तो दवाखान्यात व्यायाम शिकतो आहे. रोजची गोळी मात्र सुटली.

येत्या रविवारी विहारासमोर गाडी लावाल तेव्हा शेजारच्याला हाक मारा, मोजपट्टी काढा आणि एकमेकांच्या गाड्या मोजून पाहा.